हाकेच्या अंतरावरची घरं

परभणीच्या एका सरकारी कचेरीत मी ट्रेसर होते. जमिनींचे नकाशे यायचे आणि ते निळसर ट्रेसिंग कापडावर शाईनं उतरवून काढायचे, एवढंच माझं काम. शहराच्या कडेच्या शेतांचे तेव्हा भराभर प्लॉट पडत होते. बहुतेक प्लॉट तीस बाय चाळीसचे, मधून रस्ते, एका कोपऱ्यात 'खुली जागा' असं लिहायचं. आठ वर्षं मी अशा रेषा ओढल्या. त्या रेषांवर पुढं कोण राहायला आलं, कुणाचं कुणाशी पटलं, हे मला कधीच कळलं नाही.

लातूरकडं भूकंप झाला त्या वर्षीच्या दिवाळीनंतर साहेबांनी सांगितलं, की कचेरीत कॉम्प्युटर येणार आहे आणि तीन महिने शिकायला मी जायचं. स्टेशन रोडवर एका कापड दुकानाच्या माडीवर नवा क्लास निघाला होता. चपला बाहेर काढून आत जायचं. धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांना जाड पडदे होते. चार कॉम्प्युटर, त्यातला एकच रंगीत. क्लास चालवणारे सर औरंगाबादेत शिकून आलेले, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. ते मला ताई म्हणायचे.

माझा हात बोरूसारख्या पेनाला सरावलेला. माऊस काही केल्या ताब्यात येईना. बाण एकीकडं आणि माझी नजर दुसरीकडं. तेव्हा सरांनी एका शनिवारी दुपारी मला रंगीत कॉम्प्युटरवर बसवलं आणि फ्लॉपी घालून एक खेळ लावून दिला.

"शहर वसवायचा खेळ आहे ताई. खेळा. हात आपोआप बसतो."

पडद्यावर मोकळी जमीन आली. वरून बघावी तशी, नकाशासारखीच. एक नदी, थोडी झाडी. हिरवा चौकोन ठेवला की घरांची जागा, निळा ठेवला की दुकानांची, पिवळा ठेवला की कारखान्याची. विजेच्या तारा ओढायच्या, रस्ते करायचे. घर मात्र आपण बांधायचं नाही. आपण जागा नेमून द्यायची आणि थांबायचं. माणसांना पटलं तर ती येतात आणि आपली घरं आपण बांधतात. मी थांबले. थोड्या वेळानं हिरव्या चौकोनात टाचणीच्या डोक्याएवढं एक घर उगवलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच माझ्या रेषेवर कुणीतरी राहायला आलेलं मी बघत होते.

पहिलं शहर मी कचेरीतल्या लेआउटसारखं आखलं. सारखे चौकोन, चारी बाजूंनी रस्ते. घरं आली ती विखरून, एकेक, आणि निम्मे चौकोन रिकामेच राहिले. सर म्हणाले, "इतकं पसरवू नका, दाट करा." दुसऱ्या शनिवारी मी सगळं एका ठिकाणी कोंबलं. मध्यभागी उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आणि मला फार बरं वाटलं. मग रस्ते गाड्यांनी भरून गेले, वीज पुरेना, लोकांच्या तक्रारी यायला लागल्या आणि बघता बघता त्या इमारती ओस पडल्या. दोन शनिवारांत माझी दोन शहरं मोडली. तिसरं मी निम्मं पसरट, निम्मं उंच असं काहीतरी केलं. ते तेवढं उभं राहिलं.

क्लास सुटायला थंडीच्या दिवसांत अंधारून यायचं. माझे मालक जिंतूरला शाळेवर होते, एस.टी.नं रोज जाऊन येऊन करायचे, त्यांना घरी यायला उशीर व्हायचा. त्यामुळं मला घ्यायला सासरे यायचे. मी त्यांना मामा म्हणायची. पालमकडच्या एका खेड्यात त्यांची सगळी हयात शेतीत गेली. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या, शेत मोठ्या दिरांनी हाती घेतलं आणि मामांना आम्ही परभणीला आणलं. आम्ही एका नव्या कॉलनीत बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मोठे प्लॉट, उंच कंपाउंड, फाटकावर कुत्र्यापासून सावध राहा असं लिहिलेलं. मामांना बोलायला कुणी नव्हतं. रोज ते चालत बसस्टँडवर जायचे, पालमची गाडी लागेपर्यंत बाकावर बसायचे आणि ती सुटली की परत यायचे. गाडीतून ओळखीचं कुणी उतरलं तर तो दिवस त्यांना चांगला जायचा.

मी तिसरं शहर वाढवत होते तेव्हा एका शनिवारी मामा लवकर आले. सरांनी त्यांना स्टूल दिलं. ते माझ्या मागं बसले.

"काय करायलीस माय?"

"गाव वसवतेय मामा."

"कोनतं गाव?"

"कुठलंच नाही. नुसतं यातच आहे."

त्यांनी नदीवर बोट ठेवलं. "नदीचं पानी गावात कसं आनतेत?"

"पाण्याचं यात काही विचारत नाहीत. वीज दिली की झालं."

"पान्याबिगर गाव," ते म्हणाले आणि मान हलवून हसले. पण उठले नाहीत. त्यानंतर दर शनिवारी ते लवकर यायला लागले. बसस्टँडवरचा मुक्काम त्या दिवशी थोडा कमी व्हायचा.

त्यांना इंग्रजीच काय, मराठीही जेमतेम वाचता यायचं. पण गाव कसं वसतं हे त्यांना माहीत होतं. कारखाना घरांना लागून ठेवला की ते म्हणायचे, "धूर कुठं जाईल ते बगून ठिव." मी तो कडेला नेला आणि खरोखरच घरं सुधारली. दुकानं मी एका लांबच्या रांगेत ठेवली होती. "मिठाच्या पुडीसाठी येवढं कोन चालंल?" म्हणून त्यांनी ती मोडायला लावली.

एकदा त्यांनी विचारलं, "यात मोहल्ले कसे वळखायचे?"

"म्हणजे?"

"आपली घरं कोनती, वस्तीवाल्यांची कोनती?"

गावात त्यांच्या तोंडी वस्ती म्हणजे वेशीबाहेरची घरं. मी म्हणाले, "यात तसलं काही नसतं मामा. जो येईल तो मिळेल त्या जागेवर राहतो."

"कुनाच्या शेजारी कोन, ते कोन ठरवतंय?"

"कुणीच नाही."

"मंग भांडनं होत असतील."

"कामाची जागा लांब असली, झाडं नसली, तर लोक निघून जातात. दुसरं कशावरून जाताना दिसत नाहीत."

"बरं हाय," ते म्हणाले. ते खरंच बरं म्हणाले की नुसतंच म्हणाले, मला कळलं नाही.

डिसेंबरातली गोष्ट. सरांना वाटलं असेल की मामांना गंमत दाखवावी. माझ्या हातातून माऊस घेऊन ते म्हणाले, "काका, आता बघा," आणि त्यांनी वरच्या यादीतलं एक नाव दाबलं. पडदा गदगदा हलायला लागला. उंच इमारतींच्या जागी काळपट ढिगारे झाले, चार-पाच ठिकाणी आग लागली. मला समजायला क्षणभर वेळ लागला. खेळातल्या संकटांच्या यादीत भूकंपही होता.

मी मागं वळून पाहिलं तर स्टूल रिकामं. मामा दाराबाहेर जाऊन चपला पायात घालत होते. तीन महिन्यांपूर्वी त्या पहाटे आमच्या मागच्या खोल्यांतली भांडी वाजली होती आणि मामा अंगणात उघड्या डोक्यानं उभे राहिले होते. लातूरकडं त्यांच्या ओळखीचं एक घर होतं. नंतर ते राहिलं नाही.

सर त्यांच्या मागोमाग जिना उतरून गेले. मी वरच्या खिडकीचा पडदा बाजूला करून पाहिलं. खाली कापड दुकानाच्या पायरीवर मामा बसले होते आणि सर त्यांच्यासमोर उभे राहून काहीतरी बोलत होते. मग सरांनी समोरच्या हॉटेलातून दोन चहा आणले आणि तेही पायरीवर बसले. मी खाली गेले तेव्हा मामा म्हणाले, "पोराला काय म्हाईत. चल."

पुढच्या शनिवारी ते येणार नाहीत असं मी धरून चालले होते. ते आले. स्टुलावर बसून त्यांनी विचारलं, "किती घरं पडली?"

मी म्हणाले, "काही पडलं नाही मामा. आधीचं गाव माझ्या फ्लॉपीवर जपून ठेवलेलं आहे. तेच लावते, सगळं जसंच्या तसं आहे."

"आन ते पडलेलं?"

सर पलीकडून म्हणाले, "तेही आहे काका, मी ठेवलंय." का ठेवलं होतं कोण जाणे.

"तेच लाव," मामा मला म्हणाले. "पडलेलं बांदून दे."

"त्यापेक्षा हे चांगलं आहे, आयतं आहे."

"त्यातली मानसं कुठं जातील?"

मी पडलेलं शहर लावलं. पडद्यावर माणसं दिसत नव्हती, फक्त ढिगारे दिसत होते. पण मामांपुढं ते बोलायला नको वाटलं. मी बुलडोझर घेऊन एकेक ढिगारा साफ केला. मधला मोठा भाग मोकळा झाला. सवयीनं मी हिरवे चौकोन एकमेकांना चिकटवून ठेवायला लागले तसे मामा म्हणाले, "पुन्हा तितके उंच नगं करू."

"मग एकेकटी घरं करू? तशी केली की निम्मं गाव रिकामं राहतं. आपल्या कॉलनीसारखं."

"तसं बी नगं." त्यांनी विचार केला. "या घरातनं हाक मारली तर त्या घरात ऐकू गेली पायजे. पन या घरातलं भांडन त्या घरात ऐकू जाऊ ने. तेवढ्यावर ठिव."

हे माप कुठल्याही नकाशावर लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. पण मला ते लगेच समजलं. माझं लहानपण येलदरीला धरणाच्या कॉलनीत गेलेलं. वडील वीजघरात होते. एका ओळीत सहा क्वार्टरं, समोर तशीच सहा, मध्ये मैदान आणि एक मोठं लिंबाचं झाड. आई दारातून हाक मारायची आणि आम्ही कुणाच्याही घरात असलो तरी ती पोचायची. मी तसंच आखलं. हिरवे चौकोन सहा-आठ एकत्र, मध्ये बाग. रस्ता लांबलचक सरळ न नेता थोडक्यात संपवलेला. एका टोकाला दोन निळे चौकोन, म्हणजे दुकानं चालत जाण्याजोगी. मग तशीच दुसरी वस्ती, तशीच तिसरी, मध्ये झाडी सोडून.

घरं हळूहळू आली. आधी बुटकी, मग त्यांच्या जागी दुमजली, तिमजली इमारती झाल्या आणि तिथंच थांबल्या. मी वाट बघत होते, की आता पुन्हा उंच व्हायला लागतील किंवा ओस पडतील. तसं झालं नाही. गाड्या रस्त्यांवरून सुरळीत चालत होत्या. तक्रारी कमी झाल्या होत्या.

सर येऊन बघून गेले. "ताई, तुमचं शहर काही वाढेना."

"मोडतही नाही ना?"

"मोडत नाही," ते म्हणाले आणि दुसऱ्या कॉम्प्युटरकडं गेले. त्यांना यात मजा वाटत नव्हती. मला मात्र तासन्‌तास ते नुसतं चाललेलं बघायला आवडायचं.

जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. सोळा वर्षं मराठवाडा त्यावरून धुमसत होता. काही होऊ नये म्हणून सरांनी आठवडाभर क्लास बंद ठेवला, एस.टी. गाड्याही अधूनमधून बंद असायच्या. कॉलनीतले लोक फाटकाशी उभे राहून दबक्या आवाजात बोलायचे. मामा त्यांच्यात गेले की थोड्या वेळात परत यायचे. एका दुपारी मी तांदूळ निवडत होते, ते पडवीत बसले होते. मी काही विचारलं नव्हतं, पण तेच बोलायला लागले.

"अठ्ठ्याहत्तर साली आमच्या शेजारच्या गावातली वस्ती जळाली. आमच्या शिवारातनं धूर दिसायला लागला. आमच्यातले दोघं-तिघं तिकडं गेले. मी गेलो न्हाई."

"बरं केलं मामा."

"पन विझवायला बी गेलो न्हाई," ते म्हणाले. "बैल सोडले आन घरी आलो."

मी हातातलं सूप तसंच धरून बसले. थोड्या वेळानं ते उठून पाणी प्यायला आत गेले.

क्लास संपायला आला तेव्हा घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं. पाडव्यापर्यंत खोल्या रिकाम्या करून द्या, असं त्यांनी नीटपणे सांगितलं. माझ्या मालकांनी दोन-तीन जागा पाहून ठेवल्या. एक होती तशाच दुसऱ्या कॉलनीत, मागच्या बाजूला. दुसरी एका तीन मजली इमारतीत, मधल्या मजल्यावर. आठ बिऱ्हाडं, एक जिना, खाली एक नळ.

मामांनी इमारतीचं नाव ऐकताच मान फिरवली. "कुनाच्या डोक्यावर आन कुनाच्या पायाखाली. आन हललं म्हंजे?"

मालक म्हणाले, "दादा, पक्कं बांधकाम आहे, कॉलम आहेत."

"लातूरकडं बी लोक घरातच झोपले होते."

मालकांनी कॉलनीतली जागा घ्यायचं जवळपास ठरवलं. मीच म्हणाले, "मामा, बघून तर या. नाही आवडली तर नको." मला त्या मागच्या खोल्यांत पुन्हा जायचं नव्हतं आणि त्यांनी पुन्हा रोज बसस्टँडवर जाऊन बसावं असंही वाटत नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघंच गेलो. मामांनी आधी इमारतीला बाहेरून एक चक्कर मारली. खांबांवर हात ठेवून पाहिला. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. घाई झाली तर किती वेळात खाली येता येईल याचा तो अंदाज होता. खालच्या मजल्यावरच्या दारावर निळ्या रंगात चक्र काढलेलं होतं. दार उघडंच होतं. आतून माझ्याच वयाची एक बाई आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळी करून आलेली असावी, डोळे तारवटलेले होते. तिच्यामागं तिची आई.

"वरची जागा बघायला आलात का? किल्ली आमच्याकडंच आहे," नर्स म्हणाली.

ती किल्ली आणायला आत गेली. तिची आई दारात उभी राहून मामांच्या टोपीकडं, धोतराकडं बघत होती. मग मलाच म्हणाली, "उन्हातून आलात. पानी देऊ का?" विचारताना ती मामांकडं बघत नव्हती.

मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "द्या की." आणि ते चपला काढून आत गेले, सतरंजीवर बसले. तांब्याभांडं आलं. त्यांनी भांडं तोंडाला लावून पाणी प्यायलं आणि आणखी मागितलं. मग विचारलं, "भूकंपाच्या टायमाला तुमी हितंच होता का?"

"हितंच होतो," म्हातारी म्हणाली. "समदे खाली आलो. वरची पोरं बी माझ्या हिनंच उचलून आनली. सकाळपातूर बाहेरच बसून होतो आठी घरं."

"कुनाला लागलं?"

"न्हाई. एकाचं दूध नासलं तेवढं."

मामा हसले. त्यानंतर त्या दोघांनी पाऊस, जोंधळा, तिचं चारठाण्याकडचं माहेर आणि तिथली जुनी देवळं यांवर इतका वेळ गप्पा मारल्या, की नर्स भिंतीला टेकून पेंगायला लागली आणि मीच एकटी वर जाऊन जागा पाहून आले. दोन खोल्या, एक लहान गॅलरी. गॅलरीतून समोरच्या घराची गॅलरी दिसत होती, पण तिथली बाई काय बोलतेय ते कळत नव्हतं.

परत येताना मी विचारलं, "मग मामा?"

"मधला मजला हाय. दोनी बाजूनं आधार हाय," ते म्हणाले. "घेऊन टाका."

पाडव्याच्या आधी आम्ही राहायला गेलो. सगळं गोडच होतं असं नाही. नळावर कुणाची घागर आधी यावरून कुरबुर व्हायची. वरच्या बिऱ्हाडात पोरं उड्या मारायची आणि मामा पहिले काही दिवस प्रत्येक धप्पकन आवाजाला दचकून छताकडं बघायचे. गावाकडच्या एका नात्यातल्या बाई आल्या आणि खाली कोण राहतं ते कळल्यावर चहा न घेता गेल्या. मामांनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं.

क्लास संपला. मला प्रमाणपत्र मिळालं. कचेरीत कॉम्प्युटर आला तो वर्षभर प्लॅस्टिकच्या झाकणाखाली राहिला आणि मी पुन्हा ट्रेसिंग कापडावर शाई ओढायला लागले. मात्र प्लॉटांची रांग काढताना, इथून तिथं हाक जाईल का, असा विचार मनात यायचा. नकाशा बदलायचा मला अधिकार नव्हता. एकदा मी साहेबांना एवढंच म्हणाले, की ही खुली जागा कोपऱ्यात आहे ती मधे घेता आली तर बरं होईल. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, नकाशा दोनदा फिरवला आणि टाचणी लावून वर पाठवला. पुढं काय झालं ते कळलं नाही.

मृगाला मामा पेरणीसाठी गावी गेले. महिनाभर राहतो म्हणाले होते, पंधराव्या दिवशी एस.टी.नं परत आले. डोक्यावर गावरान आंब्यांची पाटी होती. मी म्हणाले, "इतक्या लवकर?"

"पेरनी झाली," ते म्हणाले. मग पाटी उतरवून त्यांनी आंब्यांचे आठ वाटे केले, लहान-मोठे बघून, सारखे. एकेक वाटा धोतराच्या सोग्यात घेऊन ते जिना चढत-उतरत राहिले. खालून सुरुवात केली. प्रत्येक दारात त्यांना बसवून घेत होते, त्यामुळं शेवटच्या मजल्यावर पोचायला त्यांना दीड तास लागला. स्वयंपाक होऊन ताटं वाढलेली होती. मी गॅलरीत जाऊन वरच्या बाजूला तोंड करून हाक मारली.

"येतो," ते वरून म्हणाले, "चहा घ्यायलोय."